हजारातली एक

१

रुवियाती पिवळी पडत चालली होती हे अख्ख्या कारखान्याने पाहिलं होतं, आणि कुणालाच कळलं नव्हतं.

त्यात नवल नव्हतं. समुद्रकाठच्या पकालोंगानच्या त्या गल्लीत त्या महिन्यात पिवळ्या रंगाचे हौद भरलेले होते. बातिकची मोठी मागणी आली होती, आणि प्रत्येक बाईचे हात कोपरापर्यंत पिवळे. बू मुस्लिखाच्या कारखान्यातल्या बाया एकमेकींना चिडवायच्या, "रुवी, तू तर गळ्यापर्यंत बुडालीस की! आता तुलाच दोरीवर वाळत घालतो." रुवियाती हसायची आणि मान खाली घालून मेणाची लेखणी कापडावर फिरवायची. तिच्या हातची वेल दुसऱ्या कुणाला साधत नसे.

एका सकाळी ती हौदाच्या कडेला कोसळली. बायकांनी तोंड धुतलं, गाल पुसले. मग धाकट्या बहिणीने, तुमिनीने, तिची पापणी वर केली आणि किंचाळलीच. डोळ्यातलं पांढरं पिवळंजर्द झालं होतं. तिथे काही रंग पोचत नाही.

यकृत खराब झालंय, इस्पितळाने सांगितलं. गल्लीतल्या लोकांना औषध देणारा पार्योनो कंपाउंडर फटफटीला टेकून म्हणाला, "जामू. दुसरं काय? हल्ली त्या काढ्यांत काय काय कुटून घालतात." एवढं पुरे झालं. दुपारी पोरांनी दारोदार जामू विकणाऱ्या म्हाताऱ्या कासिना म्बोकची टोपली पाठीवरून ओढली आणि तिच्या जामूच्या बाटल्या भरतीच्या पाण्याने भरलेल्या गल्लीत एकेक करून फोडल्या.

संध्याकाळी ती म्हातारी वेनिंगच्या ओसरीवर येऊन बसली. वेनिंग वकील होती. फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेचं काम ती बाळंतपणापासून घरूनच करायची, कारण गेंदिस पाच महिन्यांची होती आणि बाटली तोंडात धरत नव्हती.

"म्बोक, पोलिसांत तक्रार देऊ या. बाटल्या फोडल्या त्याची तरी."

"मला पोलीस नको, कोर्ट नको," कासिना म्हणाली. "तू एवढंच सांग पोरी. दूध यावं म्हणून रोज सकाळी माझ्या हातचं पितेस. उद्या पिशील?"

वेनिंगने पदराखाली चुटूचुटू दूध ओढणाऱ्या गेंदिसकडे पाहिलं. उत्तर तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. म्हातारीने ते थांबणं पाहिलं. ती उठली.

२

दुसऱ्या दिवसापासून वेनिंग कामाला लागली, पण इस्पितळात आत सोडायला आठवडा गेला. गेंदिसला झोळीत बांधून ती खाटेशी पोचली तेव्हा रुवियाती गुंगीत होती. मधूनच डोळे उघडायची, ओळखल्यासारखं हसायची, पुन्हा मिटायची. बिछान्यावर पसरलेले तिचे हात वेनिंग बघत राहिली. हौदातलं आणि भरतीचं पाणी या गल्लीतल्या बायकांच्या नखांना कधी सोडत नाही. रुवियातीची नखं टोकाला जाड, ठिसूळ, काळपट होती. मुळाशी मात्र गुलाबी, नितळ. लहान मुलाच्या नखासारखी.

"तुमची नातेवाईक?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेजारीण. आणि जिच्यावर आळ आलाय तिची वकील."

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "मग तुम्हाला एक सांगते. यकृताला जे बाधलंय ते बंद झालं की ते हळूहळू सावरायला लागतं. जामू बंद होऊन आठवडा झाला. हिचे आकडे मात्र चढतायत. असेच चढले तर माझ्या हातात फार काही उरणार नाही."

"म्हणजे जामू नाही?"

"म्हणजे जे काही आहे," त्या म्हणाल्या, "ते अजून तिच्या पोटात जातंय. इथे. माझ्या वॉर्डात."

"तिला विचारलंत?"

"दहा वेळा. कुठल्या आजाराचं औषध घेतेस का? म्हणते, मला कसला आजार? कधी गोळी घेतली नाही."

झोळीत गेंदिस कुरकुरली. वेनिंग तिला थोपटत राहिली आणि खाटेजवळच्या कपाटाकडे, डब्याकडे, उशीकडे पाहत राहिली. इस्पितळाच्या परिचारिकेशिवाय या खाटेशी फक्त तुमिनी येत होती.

३

तुमिनीवर संशय घ्यायला वेनिंगचं मन धजेना. बहिणीला न्हाऊ घालताना ती पोर रडत होती. म्हणून तिने आधी कंपाउंडर गाठला.

पार्योनो घराच्या पुढच्या खोलीत रुग्ण तपासत होता. वेनिंग दाराशी थांबली. एका म्हाताऱ्याला त्याने पुडी दिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "आंबट नाही, तिखट नाही. आंबट खाल्लंत तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका." नंतर एका पोरीला तेच. तिच्या आईने वाक्य त्याच्याआधीच पुरं केलं आणि सगळे हसले.

"रुवी तुमच्याकडे आली होती?" वेनिंगने विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "दोनदा. मळमळतंय, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही म्हणाली. मी म्हटलं वारा शिरलाय अंगात. बहिणीकडून पाठ नाण्याने घासून घे, जाईल." त्याने पुड्यांचा डबा बंद केला. "डोळ्यात बघायला हवं होतं मी, वकीलबाई. हात पिवळे होते, ते रंगाचे वाटले."

"म्हणून जामूवर ढकललंत?"

"कुणावर तरी ढकलावं लागतं," तो हळूच म्हणाला. "नाहीतर स्वतःकडे बघावं लागतं."

"नखांसाठी काही दिलंत?"

"मलम. वर्षापूर्वी. काही उपयोग झाला नाही. पुन्हा मागायलाही आली नाही."

तिथून वेनिंग कारखान्यात गेली. बू मुस्लिखाने तिला बसवलं, भात आणि फणसाचा मेगोनो पुढे केला, गेंदिसला मांडीवर घेतलं. मालकीण असली तरी बाई वाईट नव्हती, हिशेबी होती.

"शहरातून कॅमेरेवाले यायचे होते," ती म्हणाली. "वेल काढणारे हात जवळून टिपायचे म्हणे. रुवी तयार नव्हती. म्हणाली, माझी नखं जगाला दाखवू? लोक किळस करतील. मी म्हटलं, बरं बाई, तू काढ, हात दुसऱ्या पोरीचे दाखवू. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला होता."

"पण?"

"पण आमच्या लेकीने, नाजिहाने, घर डोक्यावर घेतलं. ज्यांनी काढलं त्यांचेच हात दिसले पाहिजेत म्हणे. लहानपणी तिला लेखणी धरायला रुवीनेच शिकवलं ना. आईपेक्षा या मानलेल्या मावशीचा लळा जास्त. मग कॅमेरेवाल्यांनीच तारीख पुढे ढकलली, तेव्हा कुठे शांत झाली."

"नाजिहा दिसत नाही."

"शहरात असते. औषधांच्या दुकानात नोकरी लागली ना, शिक्षण पुरं झाल्यावर. रुवी पडल्यापासून घरी आलेली नाही. फोन केला की रडते."

४

कासिना म्बोकच्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा धुऊन उलटा घातलेला होता. घरात हळदीचा वास होता, पण जुना.

"म्बोक, रुवी रोज काय प्यायची?"

"तांदळाचं. गोड. लहानपणापासून तेच." म्हातारीने नाक मुरडलं. "ईदच्या थोडं आधी अचानक म्हणाली, म्बोक, मला चिंचेचं दे. मी म्हटलं, अगं, तुझे दात आंबतात ना? म्हणे, दे ग. मग रोज म्हणायला लागली, आणखी आंबट कर, आणखी. मी म्हटलं, पोटुशी आहेस की काय! नवरा बोटीवर, आणि ही... लाजून पळाली."

"तुझ्यासमोरच प्यायची?"

"नाही. पेला घेऊन आत जायची. रिकामा आणून द्यायची."

वेनिंगने तिथूनच तुमिनीला फोन लावला.

"तुमिनी, इस्पितळात ताई काही मागते? खायला, प्यायला?"

"काही जात नाही हो तिला. फक्त सकाळी जरा हुशारीत असते, तेव्हा चिंचेचं पाणी. तेवढंच मागते म्हणून मी घरून नेते." मग घाबरून तिने विचारलं, "का? चिंचेचंच पाणी आहे ते, मीच कोळते. मी पण पिते."

"ती तुझ्यासमोर पिते?"

"नाही. म्हणते, तू जरा ओला टॉवेल घेऊन ये. मी येते तोवर पिऊन झालेलं असतं."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गेंदिस खांद्यावर रडत होती, म्हणून तिला दोनदा मोठ्याने विचारावं लागलं.

"असं कुठलं औषध असतं का, जे आंबटाबरोबर घेतलं तरच लागू पडतं?"

"असतात एक-दोन," त्या म्हणाल्या. "बुरशीवरची एक जुनी गोळी आहे, किटोकोनाझोल. पोटात आम्ल असेल तरच अंगात भिनते. पण ती आता..." त्यांचा आवाजच बदलला. "तिची नखं. मुळाशी चांगली नखं आलीयत. मी पाहिली, आणि पुढे गेले."

"नखांसाठी देतात ती?"

"देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. एखाद्याचं यकृत ती जाळून टाकते. कधी कुणाचं, ते आधी सांगता येत नाही. द्यायचीच वेळ आली तर रक्त तपासत राहावं लागतं. कुणी दिली तिला?"

"आधी तिच्याजवळची काढून घ्या," वेनिंग म्हणाली. "कुणी दिली ते मी बघते."

५

बसमध्ये गेंदिस झोपली आणि वेनिंगला नीट विचार करता आला.

गोळी देणाऱ्याने दोन गोष्टी केल्या होत्या. गोळी मिळवली, आणि ती आंबटाबरोबर घे असं सांगितलं. कासिनाकडे गोळ्या कुठून येणार? शिवाय चिंचेची गोष्ट तिने स्वतःच, काही न लपवता सांगितली होती. पार्योनोकडे गोळ्यांची कमी नव्हती, पण तो उभ्या गल्लीला आंबट सोडायला लावणारा माणूस. त्याने दिली असती तर रुवीने चिंचेला हात लावला नसता. बू मुस्लिखाला तर नखं बरी होण्याची गरजच उरली नव्हती. तिने दुसऱ्या पोरीचे हात शोधले होते. रुवीचेच हात दिसावेत असं फक्त एकीला वाटत होतं. तीच औषधांचं शिकली होती, आणि तीच तोंड चुकवत होती.

नाजिहा दुकानामागच्या बोळात आली. कोवळी पोर होती, डोळे सुजलेले. वेनिंगने काही विचारायच्या आधीच म्हणाली, "कशी आहे मावशी?"

"अजून खालावतेय."

"पण आता तर... इस्पितळात आहे ना ती? आता तर सगळं बंद असेल."

"बंद नाही, नाजिहा. ती रोज सकाळी चिंचेचं पाणी मागवते."

पोर भिंतीला टेकून खालीच बसली. "मी सांगितलं होतं, एक दिवस चुकवायचा नाही," ती म्हणाली. "चुकवलास तर सगळं वाया जाईल म्हटलं होतं. आणि कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. ती शब्द पाळतेय माझा."

वेनिंगने झोळी सावरून तिच्याशेजारी बसकण मारली.

"चिठ्ठी होती डॉक्टरची?"

"नाही. लाल गोलाचं औषध आहे ते, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. पण आमचे मालक पट्टी कापून कुणालाही देतात. मीही घेतली. विकतच घेतली, चोरली नाही."

"खोक्यातला कागद वाचला होतास?"

"वाचला होता. मनात म्हटलं, हजारातल्या एखाद्याला होतं. मावशी धडधाकट आहे. तिला सांगितलं असतं तर घाबरली असती, घेतलीच नसती. मग आईने दुसऱ्याच पोरीचे हात दाखवले असते. आयुष्यभर मावशीने काढलं आणि नाव आईचं लागलं. एकदा तरी..."

वेनिंगला तिच्यावर रागवायचं होतं. जमेना. तिने पोरीचा हात हातात घेतला, पण जे सांगायचं ते सांगितलंच.

"त्या हजारात उभं राहायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता. कायद्यानेही तिचाच आहे. तू तो तिच्या वतीने वापरलास."

"मला पोलीस नेतील?"

"ते मला आत्ता सांगता येत नाही. आधी डॉक्टरांना सांगायचंय, कधीपासून, रोज किती. ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

नाजिहाने अंगातला दुकानाचा डगला काढला, घडी घातली आणि बोळातल्या खोक्यावर ठेवला.

६

गोळ्या रुवियातीच्या सारोंगच्या कडेला शिवलेल्या होत्या. टाके इतके बारीक की परिचारिकेने दोनदा हात फिरवला तरी कळले नाहीत. कापलेल्या पट्टीच्या तुकड्यांवर औषधाचं अर्धवट नाव उरलं होतं आणि लाल गोलाची नुसती कड.

नाजिहाने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. पुढचे काही दिवस रोज रक्त तपासलं गेलं. आकडे चढायचे थांबले. मग एके सकाळी उतरले, अगदी जरासे. डॉक्टरीणबाई वॉर्डातून बाहेर येऊन वेनिंगपाशी उभ्या राहिल्या आणि गेंदिसचा गाल कुरवाळून गेल्या.

पार्योनोने ज्या तोंडाने आळ घेतला त्याच तोंडाने गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं की जामू निर्दोष आहे. बाटल्या फोडणाऱ्या पोरांकडून त्यानेच नव्या बाटल्या आणवल्या. पहिला पेला वेनिंगने घेतला. म्हातारी तिच्याकडे रोखून बघत होती, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"त्या दिवशी अडखळलीस," कासिना म्हणाली.

"अडखळले."

"लेकरू पदराखाली होतं. मीही अडखळले असते." तिने पेला उचलून ठेवला.

रुवियाती उशीला टेकून बसायला लागली तेव्हा वेनिंगने तिला सगळं समजावलं. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्या दुकानावर तक्रार करता येते. भरपाई मागता येते. इस्पितळात काय तपासलं, काय दिलं याची नक्कल मागायचा हक्क आहे, आणि ती मागितली म्हणून कुणी उपचार थांबवू शकत नाही.

"आणि नाजी?" रुवियातीने विचारलं.

"तिला साक्ष द्यावी लागेल. तिच्यावरही ठपका येईल. तू तक्रार केली नाहीस तर..."

"थांबा." तिने मान वळवली. नाजिहा दाराशी उभी होती. आत यायचं धाडस होत नव्हतं. "ये इकडे. बस. आता खरं सांग. तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी घेतली असती का?"

"नाही, मावशी."

"तुला काय माहीत?" रुवियाती म्हणाली. "कदाचित घेतली असती. माझे हात मलाही दाखवायचे होते. पण मग ते माझं असतं. पडले असते तरी माझी मी पडले असते." ती दमली. थोडा वेळ डोळे मिटून राहिली. "डॉक्टर मला सारखं आजाराचं औषध विचारत होत्या. नखाला कोण आजार म्हणतं? पोटाचा नि नखाचा संबंध असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा किती जणी त्या दुकानातून पट्ट्या कापून नेत असतील, नाजी?"

"खूप."

"मग वकीलबाई, तक्रार लिहा. माझ्या नावाने. ही साक्ष देईल." तिने पोरीची हनुवटी वर केली. "रडून घे आणि दे. मी असेन तिथे."

नाजिहाने मान हलवली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं. रुवियातीचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

तेवढ्यात दुपारच्या औषधांची गाडी ढकलत परिचारिका आली. घाईत होती. एक पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला तिने पुढे केला. रुवियातीने गोळी तळहातावर घेतली, पण पेला घेतला नाही.

"ही कशाची?"

"डॉक्टरांनी लिहिलीय. घ्या."

"ते कळलं. मला काय करील ती?"

"अहो, बरं करील. अजून चाळीस खाटा आहेत मला."

"बरं करील ते सांगितलंत. आणखी काय करू शकेल?"

परिचारिकेने वेनिंगकडे पाहिलं, नाजिहाकडे पाहिलं. कुणी तिच्या मदतीला आलं नाही. रुवियातीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. गोळी तळहातावर धरून ती नुसती वाट बघत होती, कितीही वेळ बघायची तयारी असल्यासारखी.

परिचारिकेने उसासा टाकला, गाडी भिंतीला लावली, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसून सांगायला सुरुवात केली.